गोंगाटाची साक्ष : मिलान १९१४, पॅरिस १९५४, ब्रुसेल्स १९५८

१/
२ डिसेंबर १९५४. पॅरिसमधील 'तेआत्र दे शांझेलिझे' हे प्रतिष्ठित नाट्यगृह. कार्यक्रमपत्रिकेत आरंभी मोत्सार्ट आणि अखेरीस चायकोव्हस्की ही दोन सर्वमान्य नावे होती. या दोघांच्या मध्ये सत्तर वर्षांच्या एका संगीतकाराची नवी रचना ठेवली होती. ती सुरू झाली आणि काही मिनिटांतच सभागृहात शिट्ट्या, आरोळ्या, हशा आणि टाळ्या यांचा कल्लोळ उसळला. हा सारा गदारोळ फ्रेंच रेडिओवरून थेट प्रक्षेपित होत होता.

२/
रचनेचे नाव 'देझेर', म्हणजे वाळवंटे. रचनाकार एदगार वारेझ. प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात या रात्रीचा उल्लेख हमखास येतो; परंतु तो बहुधा 'लोक चिडले' एवढ्यावरच थांबतो. ते का चिडले, नेमके कशावर चिडले, आणि चार वर्षांनी त्याच संगीतकाराचे त्याहून अपरिचित संगीत लोकांनी शांतपणे कसे ऐकून घेतले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी चाळीस वर्षे मागे, मिलानला जावे लागते.

३/
११ मार्च १९१३. इटलीतील भविष्यवादी चळवळीतला चित्रकार लुइजी रुसोलो याने आपला मित्र, संगीतकार बालिल्ला प्रातेल्ला याला उद्देशून एक जाहीरनामा लिहिला. त्याचे नाव 'गोंगाटाची कला'. त्यातील प्रतिपादन असे : प्राचीन जीवन शांत होते, एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली आणि त्यांच्यासोबत गोंगाट जन्मला. आधुनिक माणसाच्या कानांना आता ट्राम, मोटारी आणि कारखाने यांची सवय झाली आहे. मग वाद्यवृंदाने मात्र जुन्याच मोजक्या स्वरांत का अडकून राहावे?

४/
रुसोलो कागदावर थांबला नाही. त्याने 'इंतोनारुमोरी' नावाची वाद्ये बनवली. शब्दाचा अर्थ 'गोंगाट सुरात लावणारी'. बाहेरून पाहता एक लाकडी पेटी आणि तिला पुढे मोठा कर्णा. आत एक चाक, त्याला घासणारी तार, आणि त्या तारेला जोडलेला ढोलकीसारखा ताणलेला पडदा. हाताने दांडा फिरवला की चाक फिरे. तरफ हलवली की तारेचा ताण बदलून आवाज चढे वा उतरे. घरघर, कडकड, गुणगुण, खळखळ, शिट्टी, आक्रोश अशी प्रत्येक पेटीची वेगळी जात होती.

५/
२१ एप्रिल १९१४ रोजी मिलानच्या 'तेआत्रो दाल व्हेर्मे'मध्ये अशा अठरा पेट्यांचा पहिला मोठा जाहीर कार्यक्रम झाला. रचनांची नावे बोलकी होती. एकीचे नाव 'एका शहराचे जागे होणे', दुसरीचे 'मोटारी आणि विमाने यांची भेट'. पहिला आवाज उमटण्यापूर्वीच प्रेक्षागृह पेटले होते. पुढे वाद्यांचा गोंगाट आणि प्रेक्षकांचा गोंगाट यांत फरक करणे कठीण झाले. रुसोलो वादकांना इशारे देत उभा राहिला आणि मारिनेत्ती, बोच्चोनी यांच्यासारखे त्याचे सहकारी रंगमंचावरून खाली उतरून प्रेक्षकांशी हातघाईवर आले.

६/
येथे एक सावधगिरी हवी. या मारामारीचे सर्वांत तपशीलवार वर्णन खुद्द रुसोलोने लिहिलेले आहे आणि त्यात भविष्यवाद्यांचा विजय ठासून सांगितलेला आहे. या मंडळींना गदारोळ हवाच असे; त्यांच्या सायंसभा त्यासाठीच गाजत. तिकीट काढणाऱ्यालाही आपण कशासाठी जात आहोत याची कल्पना असे. म्हणजे मिलानमधील हुल्लड हा कार्यक्रमाचा बिघाड नव्हता. दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेला तो कार्यक्रमाचाच एक भाग होता. प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या रात्री संगीत कोणी ऐकले?

७/
जून १९१४ मध्ये ही वाद्ये लंडनच्या 'कोलिझियम'मध्ये वाजली. त्यानंतर काही आठवड्यांत महायुद्ध पेटले. युद्धाचे गोडवे गाणारे भविष्यवादी सैन्यात दाखल झाले. रुसोलोही गेला आणि १९१७ मध्ये त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. यंत्रांच्या आवाजात सौंदर्य शोधणाऱ्या पिढीने त्याच यंत्रांचे दुसरे रूप आघाडीवर अनुभवले. १९२१ मध्ये रुसोलो आपल्या पेट्या घेऊन पॅरिसला आला. तेथे त्याच्या कार्यक्रमात दादावादी कलावंतांनीच अडथळे आणले. नाट्यगृह कोणते? तेच, 'तेआत्र दे शांझेलिझे'.

८/
त्या नाट्यगृहाचे ग्रह जणू आरंभापासूनच तसे होते. २९ मे १९१३ रोजी स्त्राविन्स्कीच्या 'वसंतविधी' या नृत्यनाट्याच्या पहिल्या प्रयोगातला प्रसिद्ध गोंधळ येथेच झाला. १९१३, १९२१, १९५४ : एकाच छताखाली तीन वेळा 'याला संगीत म्हणायचे का?' हा प्रश्न आरडाओरड करून विचारला गेला. पैकी पहिल्या दोन रात्री सभागृहात नेमके काय ऐकू आले, हे सांगणारे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. आहेत ती वर्णने, आणि ती बहुतेक पक्षपाती आहेत.

९/
रुसोलोच्या संगीताची गत त्याहून वाईट झाली. त्याची मूळ वाद्ये एकही उरली नाहीत. 'एका शहराचे जागे होणे' या रचनेच्या स्वरलिपीतील केवळ सुरुवातीची थोडी मात्रागणे छापील रूपात शिल्लक आहेत. त्या काळचे जे ध्वनिमुद्रण सापडते, ते त्याचा भाऊ अंतोनिओ याच्या रचनांचे. त्यात नेहमीच्या वाद्यवृंदामागे या पेट्यांची घरघर अस्पष्टशी जाणवते. ज्या माणसाने विसाव्या शतकाला गोंगाट ऐकायला शिकवले, त्याचा स्वतःचा गोंगाट शतकाने जपला नाही.

१०/
आता वारेझकडे. जन्म १८८३, पॅरिस; १९१५ च्या अखेरीस अमेरिकेला प्रयाण. रुसोलोला तो ओळखत होता. १९२९ मध्ये पॅरिसमधील एका कलादालनात रुसोलोच्या नव्या वाद्याची ओळख वारेझनेच करून दिली होती. तरीही भविष्यवाद्यांशी त्याचे मूलभूत मतभेद होते. रोजच्या जीवनातील खडखडाटाची हुबेहूब नक्कल करण्यात कसले कर्तृत्व, असा त्याचा आक्षेप होता. त्याला शहराचे चित्र काढायचे नव्हते. कोणताही आवाज कच्चा माल म्हणून घेऊन त्यापासून नवा आकार घडवणारे साधन त्याला हवे होते.

११/
ते साधन अस्तित्वात नव्हते. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला सादर झालेल्या 'आयोनिझेशन'मध्ये त्याने तेरा वादक जवळजवळ केवळ तालवाद्यांवर बसवले आणि त्यांत दोन भोंगे घातले. कारण स्वरांच्या पायऱ्या न चढता अखंड सरकत जाणारा आवाज भोंग्याशिवाय दुसरीकडे मिळेना. विजेवर चालणारी वाद्ये घडवण्यासाठी त्याने गुगनहाइम प्रतिष्ठानकडे अर्ज केले, बेल प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार केला. सर्वत्र नकार मिळाला. १९३६ मधील बासरीच्या एका छोट्या रचनेनंतर त्याची एकही मोठी नवी कृती पूर्ण होऊन लोकांसमोर आली नाही. हे मौन जवळजवळ अठरा वर्षांचे होते.

१२/
दरम्यान पॅरिसमध्ये एका रेडिओ अभियंत्याने वेगळीच वाट काढली होती. पिएर शेफेरने १९४८ मध्ये आगगाडीचे मुद्रित आवाज जोडून एक छोटी रचना केली आणि ती रेडिओवर 'गोंगाटाची मैफल' म्हणून वाजवली. १८ मार्च १९५० रोजी त्याने आणि पिएर आँरी याने अशा रचनांची पहिली जाहीर मैफल केली. तेथे एक नवीच अडचण समोर आली. श्रोते रंगमंचाकडे पाहत होते, पण आवाज ध्वनिवर्धकातून येत होता. पाहायचे काय? टाळ्या द्यायच्या कोणाला?

१३/
ही अडचण क्षुल्लक नव्हती. शेकडो वर्षे संगीत ऐकणे म्हणजे कोणाला तरी गाताना-वाजवताना पाहणेही होते. तान घेण्यापूर्वी गायकाने घेतलेला श्वास, गज उचलणारा हात, थाप पडण्याआधी वर गेलेले बोट यांवरून श्रोत्याला पुढचा आवाज आधीच कळत असतो. ध्वनिवर्धकाजवळ असा कोणताही इशारा नसतो. आवाज एकाएकी येऊन आदळतो आणि कोठून आला, कशापासून निघाला, हे सांगत नाही. अनोळखी आवाजाने दचकणे हा शरीराचा फार जुना स्वभाव आहे. अभिरुचीचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

१४/
१९५३ मध्ये वारेझला एक टेपरेकॉर्डर भेट मिळाला; देणाऱ्याने आपले नाव गुप्त ठेवले. सत्तरीला टेकलेला हा माणूस ते यंत्र घेऊन फिलाडेल्फियाच्या कारखान्यांत आवाज टिपू लागला. पुढल्या वर्षी शेफेरच्या पॅरिसमधील स्टुडिओत त्याने त्या फितींवर काम केले. पद्धत हाताची होती. फीत पात्याने कापायची, हव्या त्या क्रमाने चिकटवायची, उलटी चालवायची. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. हातोड्याचा घाव मग हातोड्याचा राहत नाही.

१५/
'देझेर'ची बांधणी या पार्श्वभूमीवर पाहावी. रचनेचे सात भाग आहेत : चार जिवंत वादकांचे, तीन ध्वनिफितीचे, आलटून पालटून. फुंकून वाजवायची वाद्ये, तालवाद्ये आणि पियानो वाजत असतात. मग वादक थांबतात आणि रिकाम्या बसलेल्या माणसांसमोर ध्वनिवर्धकातून कारखाना बोलू लागतो. तो संपला की पुन्हा माणसे. दोन्ही आवाज एकत्र कधीच येत नाहीत. श्रोत्याला तीनदा माणसाकडून यंत्राकडे नेले जाते आणि तीनदा परत आणले जाते.

१६/
आता २ डिसेंबरच्या श्रोत्याच्या जागी बसून पाहावे. वृंदसंचालक हेर्मान शेर्खेन. वाद्यवृंद राष्ट्रीय रेडिओचा. नुकताच मोत्सार्ट ऐकलेला आहे आणि पुढे चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी येणार आहे. दोन परिचित किनाऱ्यांच्या मध्ये हा अनोळखी प्रवाह. उपलब्ध ध्वनिमुद्रणात कोलाहल विशेषतः फितीच्या भागांत उसळताना ऐकू येतो. लोक आवाजाला उत्तर देत होते, आणि ध्वनिवर्धकाला लाज वाटत नाही, तो थांबत नाही, हे त्यांच्या ध्यानात आल्यावर त्यांचा स्वर अधिकच चढत होता. दुसऱ्या बाजूने समर्थकांच्या टाळ्याही तितक्याच हट्टाने चालू होत्या.

१७/
मिलान आणि पॅरिस यांतील भेद येथे स्पष्ट होतो. मिलानच्या प्रेक्षकाला झुंजीचे वचन दिलेले होते. पॅरिसच्या श्रोत्याला मैफलीचे. प्रत्येक सभागृह दारातच एक अलिखित करार करते : येथे काय ऐकायला मिळेल, किती शांत बसावे लागेल, राग आल्यास काय करता येईल. ती रात्र त्या कराराचा भंग होती. त्यामुळे ओरडणारा प्रत्येक जण अडाणी वा जुनाट होता, ही नंतर रूढ झालेली समजूत टिकत नाही. तिकीट काढलेल्या माणसाची ती तक्रारही होती.

१८/
मात्र करार मोडल्याखेरीज नव्याला त्या सभागृहात शिरणे शक्य होते का? त्याच महिन्यात 'देझेर' हाम्बुर्ग आणि स्टॉकहोम येथेही सादर झाली. त्याहून दूरगामी घटना पॅरिसमध्येच घडली. 'देझेर'साठी आलेल्या शेर्खेनला एका अनामिक तरुणाने आपल्या वाद्यवृंद-रचनेची स्वरलिपी दाखवली. हा ग्रीक तरुण पेशाने अभियंता होता आणि वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए याच्या कार्यालयात नोकरी करत होता. त्याचे नाव यानिस झेनाकिस. पुढच्या अध्यायात वारेझ, झेनाकिस आणि ल कॉर्ब्युझिए हे तिघे एकत्र येतात.

१९/
ब्रुसेल्सचे जागतिक प्रदर्शन, १९५८. फिलिप्स कंपनीने आपल्या दालनाचे काम ल कॉर्ब्युझिएकडे सोपवले. तो तेव्हा चंदीगडच्या उभारणीत गुंतलेला होता. आराखड्याचा मोठा भार झेनाकिसने उचलला आणि तंबूसारखी वक्र भिंतींची वास्तू उभी केली. संगीत वारेझचे. कंपनीला दुसरा, अधिक परिचित संगीतकार हवा होता. ल कॉर्ब्युझिए वारेझच्या नावावर अडून राहिला. आत तीनशेहून अधिक ध्वनिवर्धक भिंतींत बसवले होते. आवाज एका भिंतीवरून दुसरीकडे धावे, डोक्यावरून जाई. सोबत पडद्यावरची चित्रे आणि रंगीत प्रकाश. हा सारा अनुभव आठ मिनिटांचा.

२०/
आत शिरताना आणि बाहेर पडताना जळत्या कोळशाच्या तडतडीपासून झेनाकिसने घडवलेली एक छोटी रचना ऐकू येई. एका वेळी शेकडो माणसे आत जात. त्यांत मुले होती, कुटुंबे होती, सहलीला आलेले लोक होते. 'पोएम एलेक्त्रोनिक' ही वारेझची रचना 'देझेर'पेक्षा तसूभरही सौम्य नव्हती. तिच्यात तर जिवंत वादकही नव्हते. तरी चार वर्षांपूर्वीसारखी हुल्लड येथे उसळली नाही. येथे आधी मोत्सार्ट नव्हता, खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या, रिकामा रंगमंच नव्हता. नवल पाहायला आलेल्यांना नवल मिळाले. संगीत बदलले नव्हते. दाराशी झालेला करार बदलला होता.

२१/
या शांततेचीही एक किंमत होती. जो गोंगाट १९१४ मध्ये समाजाला डिवचण्यासाठी जन्मला, तो १९५८ मध्ये एका विद्युत-उपकरणांच्या कंपनीची शोभा झाला. आणि प्रदर्शन संपल्यावर, १९५९ च्या आरंभीच ती वास्तू पाडण्यात आली. 'पोएम एलेक्त्रोनिक' आज कोणालाही दोन कर्ण्यांतून ऐकता येते. पण ती ज्या भिंतींवरून धावण्यासाठी रचली होती, त्या भिंती नाहीत. मिलानची वाद्ये गेली, ब्रुसेल्सचे सभागृह गेले.

२२/
भारतापुरती एक नोंद येथे आवश्यक आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात दशकानुदशके पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. तोवर भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास लिहिताना हे पान जवळजवळ कोरेच राही. एका कपाटात ते सुरक्षित होते, इतकेच.

२३/
जिवंत सादरीकरणाच्या इतिहासाची अडचण ही अशी आहे. स्वरलिपी उरते, फीत उरते, कधी वाद्य उरते. ऐकणाऱ्याचे ऐकणे उरत नाही. या साऱ्या कथेत त्याला अपवाद आहे तो पॅरिसच्या त्या रात्रीचा, आणि तोही गोंधळामुळेच. २ डिसेंबर १९५४ च्या प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. श्रोते शिस्तीने गप्प बसले असते, तर त्यात फक्त वारेझ उरला असता.

२४/
त्या मुद्रणात कारखान्याचे घाव चालू असतात आणि मध्येच कोणी तरी शिट्टी मारतो. दुसरा त्याला गप्प करू पाहतो. एक हशा, मग अनेक. वाद्यवृंद पुन्हा सुरू होतो तेव्हा गलबला ओसरतो आणि फीत सुरू होताच पुन्हा चढतो. या माणसांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. संगीताचा कारभार बिघडवायला निघालेले ते आवाज आता त्याच मुद्रणाचा अविभाज्य भाग आहेत. आणि त्या सभागृहात बसणे म्हणजे काय होते, याची सर्वांत विश्वसनीय साक्षही त्यांचीच आहे.

(समाप्त) #इतिहास #संगीताचाइतिहास